हेल्मेटातल्या चिठ्ठ्या

धाकटी : ही ऐक, ही ऐक! "संघ नव्यानं घडवायला तीन मोसम लागतील म्हणता. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. जरा भरभर घडवा." बाबा, कोण असतील रे हे आजोबा? मला त्यांना भेटायचंय!

बाबा : हेल्मेटात टाकलेल्या चिठ्ठीवर नाव नसतं, म्हणून तर लोक खरं लिहितात. कोपऱ्यात आकडा टाक. कितवी?

धाकटी : सत्त्याण्णव. पुढची. "मैदानावरच्या बायकांच्या संडासाला आतून कडी लावा. बाकी कसलीही अपेक्षा नाही."

बाबा : ही गेल्या वर्षीपण होती.

धाकटी : त्याच्या आधीच्या वर्षीपण! कोच बदलला, मॅनेजर बदलला, अकरातल्या नऊ पोरी बदलल्या, पण कडी काही येईना. माझं ऐक, कप आधी येईल.

बाबा : तोंड कमी चालव आणि वाच. उद्या पाचला, दर मोसमाआधीसारखा, हॉकीचा सगळा संघ मैदानात रांगेनं उभा राहणार. दोनशे चौदा चिठ्ठ्या मी माइकवर वाचणार. मध्येच अक्षर लागलं नाही आणि अडखळलो तर शोभा होईल.

धाकटी : इतकी वर्षं वाचतोयस, कधी अडखळलास? आणि तू तुझ्या त्या संघाच्या नावांच्या बोर्डाकडे बघ ना. कधीपासून त्या एकाच आडनावावर ब्रश फिरवतोयस! बाकीच्या दहा जणींना मिळून एवढा वेळ लागला नाही. आपलंच आडनाव आहे बाबा, पाठ असेल तुला.

बाबा : रंग झाकत नाहीये. दोन हात मारले, तरी खालचं जुनं नाव वर येतंय.

धाकटी : खिंडीचं?

बाबा : बारा वर्षं होतं ते तिथं. इतक्यात कसं जाईल?

धाकटी : हो ना. मी रांगत होते तेव्हापासून गोलकीपर म्हणजे खिंड, कुणाला पार होऊ देत नाही म्हणून नावच पडलं तिला. आणि आता तिथं कोण? माझी ताई! मी कालपासून जमिनीवरच नाहीये, माहितीय? शाळेत शिपाईकाकांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. भूगोलाच्या सरांनी तर मला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. म्हणजे त्यांनी बस म्हटलं, पण तोवर वाजल्या होत्या.

बाबा : एवढं सांगायची काय गरज होती?

धाकटी : गरज? बाबा, एकोणीस वर्षांची पोर मोठ्या संघाच्या गोलमध्ये उभी राहणार आहे, आणि तू असा बसलायस, जसा काही कुणी तुझा रंगाचा डबा सांडलाय. बरं, अठ्ठ्याण्णव. "गोलमध्ये कच्ची पोर उभी केलीत तर आम्ही पाठ फिरवून बसू." ह्या! कोण हा?

बाबा : पुढची वाच.

धाकटी : नव्व्याण्णव. "खिंडीला परत आणा. नाहीतर पहिल्या मॅचला सगळा स्टँड पाठ फिरवून बसेल." ... शंभर. "कच्च्या कीपरला आमची पाठ." बाबा, हे ठरवून लिहिलंय.

बाबा : असेल.

धाकटी : असेल काय! थांब, मी सगळ्या उलट्या करून बघते. ही पण. ही पण. ह्यानं तर चित्रच काढलंय, माणसांच्या नुसत्या पाठी, एकाला टक्कल. छान काढलंय, मेल्यानं. ही पण...

बाबा : एकेचाळीस आहेत.

धाकटी : तुला कसं माहीत?

बाबा : सकाळी तू शाळेत होतीस तेव्हा मोजल्या.

धाकटी : आणि मला बोलला नाहीस? मी शंभर चिठ्ठ्या हसत हसत वाचतेय! बाबा, ह्या उद्या वाचायच्या नाहीत. सरळ चुलीत घाल.

बाबा : प्रत्येकीवर सेक्रेटरीचा शिक्का आहे. दोनशे चौदा मोजून दिल्यात, दोनशे चौदा वाचायच्या. एकही गाळायची नाही, हा नियम आहे.

धाकटी : कुणाचा नियम?

बाबा : माझाच.

धाकटी : मग तूच मोड!

बाबा : सहा वर्षांपूर्वी खिंडीला एक चिठ्ठी आली होती. "आता घरी बसा." तिची आई जाऊन आठ दिवस झाले होते. सेक्रेटरी म्हणाला, ही राहू द्या. मीच म्हटलं, नाही, एक गाळली की दुसरी गाळावी लागते. वाचली. माइकवर, सगळ्यांसमोर. आणि आज माझी पोर आली म्हणून नियम गुंडाळून ठेवू?

धाकटी : हो! गुंडाळ! कशाला असतात मग बाबा लोक?

बाबा : ओरडू नकोस.

धाकटी : ओरडणार. मला एवढंच सांग, ही आयडिया पहिली कुणाच्या डोक्यातून निघाली? पाठ फिरवायची म्हणे. ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या घरी जाऊन मी... मी त्याला चांगलं ऐकवून येणार. तुला माहिती असेलच, तू त्या न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांच्यात बसतोस.

बाबा : अंधार पडायच्या आत मला बोर्ड संपवायचाय. बाकीच्या मी नंतर बघतो. तू ऊठ.

धाकटी : अजून तळाला एक राहिलीय. चिकटून बसलीय. सगळ्यात आधी टाकलेली दिसते. "गोलमध्ये कच्चं पोर उभं कराल, तर आम्ही पूर्वेच्या स्टँडवाले तुमच्याकडे पाठ फिरवून बसू. खिंडीला परत बोलवा." ... बाबा.

बाबा : हं.

धाकटी : ह्यानं वरची रेघ आधी मारलीय. पूर्ण ओळभर, एका दमात. मग खाली एकेक अक्षर टांगलंय.

बाबा : ठेव ती.

धाकटी : असं कागदावर कोण लिहितं? असं बोर्ड रंगवणारा लिहितो. मला पहिलीत तू असंच लिहायला शिकवलंस आणि बाईंनी माझा कान पिरगळला.

बाबा : ठेव म्हटलं ना.

धाकटी : तू?

बाबा : महिना झाला. खिंडीला काढलं त्या दिवशीची आहे. संघ नव्यानं घडवायचाय म्हणून बारा वर्षं गोल राखणाऱ्या बाईला दोन ओळींचं पत्र दिलं त्यांनी. माझं डोकं फिरलं. तिथंच गेटवर उभं राहून लिहिली आणि टाकली. वाटलं, मॅनेजर घाबरेल. परत बोलावेल.

धाकटी : पण ताई ट्रायल देत होती ना!

बाबा : ती तिसरी होती गं. पुढं दोघी होत्या. एक दुसऱ्या संघात गेली, दुसरीचा गुडघा गेला. हिचा नंबर यायला तीन-चार वर्षं आहेत असंच धरून चाललो होतो मी. ती स्वतःही.

धाकटी : आणि बाकीच्या चाळीस? त्यापण तूच लिहिल्यास?

बाबा : न्हाव्याकडे बोललो. नुसतं बोललो. पाठ फिरवली पाहिजे, म्हटलं. सगळ्यांना पटलं.

धाकटी : तू बोललास की पटतंच. तुझा आवाजच तसला आहे. मग आता तूच जाऊन सांग ना, की राहू द्या!

बाबा : आज सकाळी गेलो होतो. न्हाव्याला म्हटलं, ते पाठीचं जरा राहू दे. त्यानं वस्तरा थांबवला, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "का हो? पोर तुमची निघाली म्हणून?" मागच्या बाकावर बसलेले सगळे हसले.

धाकटी : मग तू काय म्हणालास?

बाबा : दाढी करून घेतली.

धाकटी : बाबा!

बाबा : काय म्हणायला हवं होतं? बरोबर बोलला तो. माझी नसती तर मी पहिला पाठ फिरवून बसलो असतो.

धाकटी : श्श. फाटक वाजलं. ताई आली. सगळं आत टाक, हेल्मेटात टाक, वरून पेपर... असा नको बघूस, नेहमीसारखा बघ!

थोरली : कसला टर्पेंटाइनचा वास कोंडलाय. खिडकी उघडा की.

धाकटी : ताई! कशी झाली प्रॅक्टिस? किती अडवलेस? बूट काढ, मी ठेवते. पाणी आणू? बस ना, तिकडे नको, इकडे बस.

थोरली : किती आहेत?

धाकटी : काय किती?

थोरली : माझ्यावरच्या.

धाकटी : नऊ! नऊच आहेत. आणि त्यातल्या दोन तर वाचतापण येत नाहीत.

बाबा : एकेचाळीस.

थोरली : बरं. मैदानावर साठ म्हणत होते.

धाकटी : तुला माहीत होतं?

थोरली : कॅन्टीनमधल्या मुलीनंच मला सांगितलं. उशी आणणारेत म्हणे काही जण. उलटं बसलं की बाक टोचतो.

बाबा : पोरी, त्यातली पहिली चिठ्ठी माझी आहे.

थोरली : तुझी? कधी टाकलीस?

बाबा : पाठ फिरवायचं मीच काढलं. खिंडीला काढलं त्या दिवशी.

थोरली : त्या दिवशी मी कुठे होते त्यात? म्हणजे माझ्यावर नव्हतीच ती.

बाबा : कच्चं पोर लिहिलंय. ते कुणाचं तरी असणारच होतं की. तेव्हा एवढं सुचलं नाही मला.

थोरली : बाबा, खेळाडूंना चिठ्ठी टाकता येत नाही, नाहीतर मीपण हेच लिहिलं असतं. आज सात कॉर्नर मारले मला. सहा आत गेले. सातवा पॅडला लागला, पण तो मी नाही अडवला, तोच येऊन आपटला. कोच म्हणाले, "छान, अशीच उभी राहा." दुसरं काय म्हणणार ते? माझ्यामागे आहे कोण?

धाकटी : ताई, तू असं नको ना बोलूस! मी सांगू का? मी उद्या जाऊन माइकची वायरच उपसते. किंवा बाबा आजारी पडेल. बाबा, तुला ताप येतोय, तोंड बघ कसं झालंय!

थोरली : मग सेक्रेटरी वाचतील. नाकातून. दोनशे चौदा. त्यापेक्षा पाठ बरी.

धाकटी : चेष्टा नको करूस! मी... मी एकटी सरळ बसेन. सगळा स्टँड तिकडे आणि मी एकटी इकडे तोंड करून. आणि शिट्टी मारेन. मला आता दोन बोटं घालून येते.

थोरली : ये. बसू दिलं तर बस.

बाबा : तू नाही म्हणून सांग त्यांना. अजून उशीर नाही झाला. मी येतो बरोबर मॅनेजरकडे.

थोरली : आणि गोलमध्ये काय, खुर्ची ठेवतील? बाबा, मी सांगून बघितलं. कालच. ते म्हणाले, तीन वर्षांनी तू चांगली होशील. मी म्हटलं, मग तीन वर्षांनीच बोलवा. हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

बाबा : मला काहीच बोलली नाहीस.

थोरली : तू बोर्ड रंगवत होतास. इतका खुशीत शीळ घालत होतास. काय बोलणार?

धाकटी : म्हणजे ह्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि मी एकटीच शाळेत टाळ्या वाजवत फिरत होते.

थोरली : तू वाजव गं. कुणीतरी वाजवायला हव्यात. मघाशी खिंडीचा फोन आला होता.

बाबा : तिचा? काय म्हणाली?

थोरली : म्हणाली, चिठ्ठ्या वाचत असताना खाली बघू नकोस, लोकांना वाटतं लागलं. आणि हेल्मेट घालून उभी राहा. तीपण घालूनच राहायची ना? आठवतं? मला वाटायचं, ऐट आहे.

बाबा : मलापण तसंच वाटायचं.

थोरली : बघू ते इकडे. चिठ्ठ्या काढा त्यातल्या. हे तिचं पहिलं हेल्मेट ना?

धाकटी : सांडतील, सांडतील! हळू. मी आकडे घातलेत, क्रम बिघडेल... जाऊ दे, बिघडू दे. कसं होतंय?

थोरली : सैल आहे.

बाबा : मागचा पट्टा ओढायला लागतो. थांब, मी लावतो. नको, माझ्या हाताला रंग आहे.

थोरली : लागू दे. बाबा, उद्या एकदम तिथं नको. एकदा आत्ता वाच. तुझी आधी.

बाबा : माझ्याच्यानं नाही होणार.

थोरली : उद्या होणारे का मग?

(थोरली हेल्मेट घालूनच दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहते. हात बाजूला, गुडघे जरा वाकलेले. बाबा चष्मा पुसतो.)

बाबा : "गोलमध्ये कच्चं पोर उभं कराल, तर... तर आम्ही पूर्वेच्या स्टँडवाले..."

धाकटी : बाबा, अडखळतोयस.

बाबा : "...तुमच्याकडे..."

थोरली : मोठ्यानं वाच ना, बाबा. आतून काही ऐकू येत नाही.