मामांच्या ताठ पायाचा गिअर

आम्ही बसवनगुडीचे. मूळ गाव कुठलं म्हणून विचारलात तर साताऱ्याकडचं म्हणतात, पण साताऱ्यात आमचं कोण आहे तर कोणी नाही. शहाजीराजांच्या मागनं आमचे लोक घोड्यावर बसून इकडे कानडी मुलखात आले म्हणून आजोबा सांगायचे, घोडा कोणाचा ते मात्र कधी सांगितले नाहीत. मला वाटतं आमचे लोक घोड्याच्या मागनं चालत आले असतील, डोक्यावर कापडाची गाठोडी घेऊन, कारण आमच्या घरात शिवणकाम. आजोबा शिंपी, वडील शिंपी, अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, तोही शिंपी. मी एकटा निघालो उलटा. मला मशीन चालवण्यापेक्षा मशीन उघडण्यात गोडी. वडिलांचं पायमशीन एकदा सगळं उघडून मांडलो, परत जोडलो, चाललं पण, पण त्यानंतर ते शिवताना मागे मागे जायला लागलं. तेव्हा वडील म्हणाले, रुक्माजी, तू आपला गॅरेजात जा.

तसा गॅरेजात गेलो. काम शिकलो, पुढे स्वतःचं टाकलो, अण्णाच्या दुकानाला लागूनच. एका बाजूला कात्री, एका बाजूला पाना. काय सांगू तुम्हाला, त्या वेळी कॉलेजच्या पोरांना एकच वेड, रेसवाल्यासारखं टाकीवर ओणवं होऊन बसायचं. त्यासाठी पाय ठेवायची जागा मागे न्यायची, गिअरचा पेडल मागे, ब्रेकचा पेडल मागे. तयार सेट मिळायचे बाजारात, पण तयार सेट म्हणजे तयार पँट, कोणाला आखूड, कोणाला लांब. मग मी काय करायचो, अण्णाची टेप घ्यायचो, पोराला गाडीवर बसवायचो, कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, सगळं माप घ्यायचो, आणि त्या मापाने अल्युमिनियमची पट्टी कापून सेट बसवायचो. अण्णा ओरडायचा, टेपला ग्रीस लागतं रे, गिऱ्हाइकांच्या शर्टाला डाग पडतात. पण माझं नाव झालं. रुक्मण्णाकडं माप देऊन ये म्हणून पोरं एकमेकांना सांगायची.

नाव झालं पण लग्न होईना. मेकॅनिक म्हटलं की मुलीकडचे आधी नखं बघायचे. मी कितीही घासली तरी काळी ती काळीच. शेवटी वैनीने देवनहळ्ळीचं एक स्थळ काढलं, आपल्यातलेच लोक, द्राक्षाची बाग, मुलीला आई नाही, बाप आणि मुलगी दोघंच घरात. मी, अण्णा, वैनी, तिघं बसने गेलो. हेब्बाळचं तळं मागे गेलं तेव्हापासून वैनी सांगत होती, भाऊजी, हात खिशात ठेवा आणि गाड्यांबद्दल काही बोलू नका. मी म्हटलो, सरी, बरं.

गेलो तर काय, पडवीत मुलीचे वडील खुर्चीवर बसलेले, खंडेराव नाव त्यांचं, आणि त्यांचा उजवा पाय सरळ पुढे, असा, काठीसारखा, थेट दारात आडवा. बागेत मांडवावरून पडले होते, गुडघा वाकायचाच बंद झाला. आता आपल्यात कोणाचा पाय ओलांडून जात नाहीत, आणि ते काही पाय उचलायला तयार नाहीत, म्हणून आम्ही तिघं घराला वळसा घालून मागच्या दाराने आत गेलो, चुलीजवळनं. तिथं ती मुलगी उप्पीट ढवळत होती. आम्हाला बघून म्हणाली, या, सगळे इकडूनच येतात.

म्हणजे बघायला गेलो आणि बघणं तिथंच झालं. सरोजा नाव.

पण माझं लक्ष सांगू का कुठं गेलं. पडवीच्या कोपऱ्यात चादरीखाली एक मोटरसायकल होती. जुनी साडेतीनशे सीसीची, लोखंडी, त्या गाड्यांना तेव्हा गिअर उजव्या पायाला असायचा आणि ब्रेक डाव्या. चादरीवर मिरच्या वाळत घातलेल्या. मी म्हटलो, गाडी कोणाची. वैनीने मला चिमटा काढला. खंडेराव म्हणाले, माझी होती, आता मिरच्यांची आहे. उजवा पाय वाकत नाही, फूटरेस्टवर ठेवता येत नाही, गिअर काय डोक्याने टाकू. एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. आणि काय तर, माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलो, मामा, पाय वाकत नाही तर वाकवायचा कशाला, आपण फूटरेस्टच पुढं नेऊ, पाय लांब सोडून बसा, गिअरचा पेडल तिथं पुढं बसवतो, तिथनं मागं गिअरबॉक्सपर्यंत सळई.

मी उठलो, मिरच्या गोळा करून सुपात घातलो, चादर काढलो, त्यांना धरून गाडीवर बसवलो, आणि अण्णाच्या खिशातनं टेप ओढून काढलो. सरोजा कॉफीचे पेले घेऊन आली तेव्हा मी जमिनीवर गुडघे टेकून तिच्या वडिलांची मांडी मोजत होतो. अण्णा भिंतीकडं बघत होता. वैनी देवाकडं. सरोजाने ताट खाली ठेवलं आणि टेपचं दुसरं टोक धरलं, टाचेपाशी. तेव्हा माझी नखं तिने बघितली असणार, पण टोक सोडलं नाही.

परत येताना बसमध्ये अण्णा म्हणाला, मुलगी बघायला गेलो आणि मापं बापाची घेऊन आलास.

ते काम सोपं नव्हतं हो. पोरांचे पाय मागं न्यायची सवय होती, इथं पुढं न्यायचा. फूटरेस्टसाठी जाड पट्टी वाकवली, फ्रेमला क्लँप केली, पायाचं सगळं वजन तिच्यावर येणार म्हणून खाली एक आधार दिला. पेडल केला. पण सळई न्यायची कुठनं. खालनं न्यावी तर सायलेन्सरचा पाइप आडवा येतो, तापतो, म्हणून वरनं नेली. वरनं नेली की काय होतं, पेडल वर उचलला तर गिअरबॉक्सचा दांडा खाली जातो. म्हणजे गिअर उलटे. आधी पहिला वर आणि बाकीचे खाली होते, आता पहिला खाली आणि बाकीचे वर. ह्याला दुसरा इलाज नव्हता. देवनहळ्ळीला जाऊन बसवलो सगळं, आणि मामांना नीट सांगितलो, मामा, आता वर म्हणजे खाली आणि खाली म्हणजे वर. ते म्हणाले, सरी सरी. परत सांगितलो. म्हणाले, अरे सरी म्हटलं की, तू जन्मायच्या आधीपासनं मी गाडी चालवतोय.

उजव्या पायाने किक मारता येत नाही, म्हणून सरोजाने पदर खोचला आणि एका किकेत गाडी चालू केली. मी बघतच राहिलो. मामा बसले, पाय लांब सोडला, अगदी मापात बसला. आणि निघाले.

काय सांगू तुम्हाला. सवयीप्रमाणे त्यांनी पहिला म्हणून पेडल वर उचलला, तो दुसरा पडला, गाडीने एक उडी घेतली. पुढे गेल्यावर दुसरा म्हणून खाली दाबला, तो पहिला पडला, इंजिन असं किंचाळलं की गावातल्या किल्ल्याच्या बुरुजावरची कबुतरं सगळी उडाली. मग परत दुसरा, परत पहिला. उडी आणि किंकाळी, उडी आणि किंकाळी, असं करत अख्ख्या देवनहळ्ळीतनं फिरून आले. लोक दुकानातनं बाहेर येऊन बघत होते. मला वाटलं झालं, हे स्थळ गेलं. अंगणात येऊन थांबले, घामाने निथळलेले, मिशा विस्कटलेल्या. मी म्हटलो, मामा, सांगितलं होतं की. तर ते म्हणाले, कोण काय म्हणालं, गाडी छान आहे. आणि हसायला लागले. सरोजा आत गेली आणि भिंतीला टेकून रडली. वडील हसलेले तिने खूप दिवसांनी बघितले म्हणे.

चार-आठ दिवसांत त्यांना सवय झाली. नंतर तर ते उलटे गिअर हीच त्यांची ऐट झाली, कारण ती गाडी दुसऱ्या कोणाला चालवता येईना. शेजारचे चन्नप्पा म्हणून होते, न विचारता गाडी न्यायची त्यांना खोड. त्यांनी एकदा नेली ती थेट द्राक्षाच्या मांडवात. मामा त्यांना बाहेर काढायला गेले तेव्हा आधी गाडी काढली, मग चन्नप्पांना.

एवढं सगळं झालं, मला वाटलं आता होकार येईल. वैनी निरोप पाठवायची, उत्तर यायचं, बघू. द्राक्षाचा हंगाम होऊ दे. हंगाम झाला, तर म्हणे छाटणी होऊ दे. शेवटी मी स्वतः गेलो आणि विचारलो, मामा, माझ्यात काही कमी आहे का. ते म्हणाले, तुझ्यात काही कमी नाही रे, पण सरोजा गेली तर मला किक कोण मारणार.

आता बघा माझं नशीब. माणूस खुर्चीत बसला होता तेव्हा मुलगी द्यायला तयार होता. त्याला मी माझ्या हाताने गाडीवर बसवला, आणि त्या गाडीच्या किकेवर माझं लग्न अडलं. अण्णा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगायचा आणि हसून हसून कापड वाकडं कापायचा. मला रात्री झोप नाही. डाव्या बाजूला किक बसवता येईल का, हाताने ओढायची दोरी बसवता येईल का, जनरेटरला असते तशी, काय काय डोक्यात.

तेवढ्यात एक दिवस गॅरेजशेजारच्या किराणा दुकानात फोन आला, रुक्मण्णाला बोलवा म्हणून. सरोजा बोलत होती, बूथवरनं. म्हणाली, उद्या मी वक्कलेरीला मावशीकडे आहे, रात्री तिथंच राहणार, तुम्ही परवा सकाळी लवकर घरी या. मी म्हटलो, तू नाहीस तर मी येऊन काय करू. ती म्हणाली, या तर, मागच्या दाराने या, हाक मारू नका. आणि ठेवला फोन.

पहिल्या बसने गेलो. मागनं गेलो, चुलीजवळ उभा राहिलो, आतनं पडवी दिसते. मामा उठले, काठी टेकत गाडीपाशी आले. गाडी स्टँडवर. इकडंतिकडं बघितले. गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले, तोंड पुढं करून, तो ताठ पाय खांबासारखा जमिनीत रोवला, हँडलला धरलं, आणि डावा पाय किकवर ठेवून मारली एक. एका किकेत चालू. सरोजाइतकीच झकास. उभं राहायला तो ताठ पाय इतका पक्का की धडधाकट माणसाचाही नसेल.

मी दारात आलो. मामांनी मला बघितलं. गाडी आपली दण दण दण. मग त्यांनी गाडी बंद केली, खुर्चीत बसले, पाय दारात आडवा. म्हणाले, तिने पाठवला तुला, होय ना. मी म्हटलो, हो. ते म्हणाले, म्हणजे तिला ठाऊक होतं. मग म्हणाले, किक काय रे, मला पहिल्या आठवड्यातच जमली. पण सकाळी ती किक मारायला बाहेर येते, तेव्हा स्वल्प बोलते, कुठं जाताय, डोक्याला रुमाल बांधा, लवकर या. ती गेली की कोण म्हणणार मला लवकर या म्हणून.

मी त्यांच्या पायापाशी जमिनीवर बसलो. म्हटलो, मामा, दर रविवारी आमच्याकडं या. मी स्वतः म्हणेन, लवकर या. ते म्हणाले, तू म्हणून काय उपयोग, तुझा आवाज घोगरा आहे. आणि मग म्हणाले, बघ, दिवाळीनंतरचा मुहूर्त चालेल का. पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला घेतला. त्या दिवशी मी पुढच्या दाराने बाहेर पडलो.

लग्न झालं. मुलगी झाली, आता शाळेत जाते, आजोबांच्या टाकीवर बसून हँडल धरते. माझ्याकडं कॉलेजची पोरं येतात तशीच आता पायाने अधू माणसंही येतात, कोणाचा गुडघा, कोणाचा घोटा, कोणाला एक पायच नाही. प्रत्येकाचं माप वेगळं, प्रत्येकाची सळई वेगळी. अण्णाने मला वेगळी टेप आणून दिली, लाल, कोणी चुकून उचलू नये म्हणून.

मामा अजून दर रविवारी देवनहळ्ळीहून येतात, ताठ पाय पुढं सोडून, हेब्बाळवरनं, एवढ्या गर्दीतनं. तिकडं विमानतळ होणार म्हणून बोलतात, जमिनीचे दलाल त्यांच्या पडवीत बसलेले असतात. मी परवा म्हटलो, मामा, बाग विका, वय झालं, आमच्याकडं येऊन राहा, खोली रिकामी आहे. ते म्हणाले, मी इथं राहायला आलो तर रविवारी कुठं जायचं.

सरोजा आतनं ऐकत होती, ती त्यांचा रुमाल घेऊन बाहेर आली, डोक्याला बांधा म्हणाली. देव करो आणि त्यांचा रविवार असाच येत राहो, तुमचे आमचे हातपाय चालते राहोत, दुसरं काय. कॉफी घ्या हो तुम्ही, बोलण्यात थंड झाली.