अकरा पाट्या आणि एक लिफाफा

आदरणीय अध्यक्ष उत्तमरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते बद्रुद्दीनभाई आणि बिस्मिल्लाचाची, आणि इतवारचा बाजार अर्धा टाकून इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, मी रागिणी. केळीच्या गाडीवाल्या देवमनची मुलगी. घरात पदवीपर्यंत मीच पहिली पोचले, त्यामुळे सभेत बोलायची सवय आमच्याकडे कोणालाच नाही. सांभाळून घ्या.

मला सांगितलंय की भाईंच्या कामाची ओळख करून दे. पुण्या-मुंबईचे लोक त्याला आता व्हर्च्युअल ऑफिस म्हणतात. अमरावतीत त्याला काय म्हणत? पाट्यांचं दुकान. भाईंचं मूळचं टायपिंगचं दुकान. कॉम्प्युटर आले, गिऱ्हाईक गेलं. उरलं काय? बसस्थानकाजवळची एक खोली, एक चालू फोन आणि भाईंचा शब्द. ती तिन्ही त्यांनी ज्यांच्याकडे नव्हती त्यांना भाड्याने दिली. भिंतीवर अकरा पाट्या होत्या. टोपल्या विणणारे, मसाला कुटणारे, अकोटचा एक रजाईवाला. काम त्यांचं आपापल्या गावी. पत्ता, टपाल आणि फोन आमच्या खोलीत.

एकदा एका पाहुण्याने विचारलं, तुमच्या ऑफिसात माणसं किती? भाई म्हणाले, दोन, पण चहा अकरांचा लागतो. त्या दोघांतली दुसरी मी, फोन आणि टपाल बघणारी. फोनवर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं त्यांनी मला कधीच म्हणू दिलं नाही. साहेब शेतात असतील तर शेतात म्हणायचं. माझे वडील मात्र महिनाभर हसले. पोरगी बी.कॉम. झाली अन् पाट्या पुसून राहिली, म्हणे.

आज माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही भाईंचा गौरव केला आणि तिघेही एका जागी जरा अडखळले. 'एक चूक सोडली तर', 'माणूस म्हटला की चुकतो', असं काहीतरी म्हणाले. आपल्या सगळ्यांना माहीत आहे ते कशाबद्दल बोलत होते. मला त्याच चुकीबद्दल बोलायचंय. अध्यक्षांची परवानगी मी घेतलेली नाही, त्याबद्दल क्षमस्व.

नांदगाव खंडेश्वरच्या मनकर्णाबाई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचं घर भाजीवाल्यांचं. दोन हजार पाच-सहाची ती वर्षं कशी होती, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. रोजच्या पेपरात काय येत होतं तेही नको. कापसाचा भाव पडला की बाजारात भाजीलाही कोणी विचारत नाही. मेथी, पालक, कोबी ढोरांपुढे टाकायची वेळ आली तेव्हा मनकर्णाबाईंनी आयाबायांना जे येतं तेच केलं. त्यांनी वाळवण घातलं. कुरड्या-पापडांच्या जागी मेथी, कांदा, मिरची. मुलगा कुंदन आणि नऊ बाया. दोन टिनांचं छप्पर, नीट धुतलेल्या चादरी, आणि वर जाळी. मी पाहिलंय ते. फार उशिरा पाहिलं.

गावाच्या पत्त्याला पुण्याचे खरेदीदार उत्तर देत नव्हते. म्हणून त्यांनी भाईंकडे पाटी लावली. एका कंपनीला माल आवडला. वसतिगृहांच्या खानावळींना वर्षभर पुरवठा करायचा होता. त्या भरवशावर नऊ बायांनी दुसरीकडची मजुरी सोडली.

आमच्या खोलीचे दोन नियम होते. पहिला, दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही. भाई म्हणत, "खत दुसऱ्याचं, त हात आपला कावून?" रजिस्टर पत्र आलं तर गावी निरोप धाडायचा, साधं पत्र कप्प्यात ठेवायचं आणि इतवारी बाजाराला मालक आले की हातात द्यायचं. त्यासाठीच सुटी शुक्रवारी दुपारी घेऊन आम्ही इतवारी उघडे असायचो. दुसरा नियम, खोटं बोलायचं नाही. भाई तो पुरा असा सांगत, "खरं बोलत जाय बेटा, पण पुरं बोलत जाय." त्यातला पहिला अर्धा मी फार अभिमानाने पाळला.

एका मंगळवारी मनकर्णाबाईंच्या नावाने कंपनीचा एक साधा लिफाफा आला. मी तो कप्प्यात ठेवला. गुरुवारी भाई अकोल्याला गेले होते. तिथे दुसरी खोली घ्यायचा विचार चालला होता. मी एकटी होते. दुपारी कंपनीचा माणूस आला. पाटीवर बोट ठेवून त्याने विचारलं, यांचे लोक कुठे बसतात? मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. खोटं बोलायचं नाही एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "इथे कोणी बसत नाही. इथे फक्त पाटी आहे."

सगळं खरं होतं. नऊ बायांचं मी काहीच बोलले नाही. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर छप्पर आहे, चला, बस लागलेली आहे, हे मी म्हटलं नाही. मनकर्णाबाईंच्या छापील कागदावरही गावचा पत्ता नव्हता; दोन्ही पत्ते छापून घ्या, हे सांगणंही माझंच काम होतं. त्या माणसाने मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे केलेलं पाणी न पिता गेला.

संध्याकाळी मी भाईंना सांगितलं. त्यांनी डोकं धरलं नाही, रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन करून कंपनीला सगळं समजावलं, पत्रंही लिहिली. उत्तर एकच होतं, काम दुसरीकडे दिलं, बोगस पत्त्यांशी आम्ही व्यवहार करत नाही.

इतवारी मनकर्णाबाई आल्या. लिफाफा घेतला, उघडला आणि माझ्या हातात दिला, कारण वाचणारी मी. मी मोठ्याने वाचलं: गुरुवारी आमचा माणूस जागा पाहण्यास येईल, तरी हजर राहावे.

त्या म्हणाल्या, "मंग तो येऊन गेला असन. काय म्हणे?"

मी तोंड उघडायच्या आत भाई बोलले, "मी होतो, बाई. मीच चुकीचं बोललो त्याले."

मनकर्णाबाईंनी पाटीकडे पाहिलं. म्हणाल्या, "गावात आणला असता त नऊ बाया दिसल्या असत्या न त्याले."

त्या गेल्यावर मी रडले. भाई म्हणाले, "तुहं नाव नवं हाय बेटा. माहं जुनं हाय, ते झेलते." आणि मी गप्प बसले. ती एका दिवसाची गोष्ट नाही. आजपर्यंत दोन वर्षं गप्प बसले.

भाईंचं नाव झेलू शकलं नाही. भाईंनी पाटी लावली अन् शब्द बुडवला, असं बाजारात झालं. अकराच्या सहा पाट्या झाल्या, सहाच्या दोन. अकोल्याची खोली राहूनच गेली. तिकडे वाळवलेल्या मालात कीड पडून जाळी धरली, छप्पर विकलं गेलं. कुंदन नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात दारावर उभा राहतो. नऊपैकी चार बाया कुटुंबासह गाव सोडून गेल्या. त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. पत्ते सांभाळणं हेच माझं काम होतं.

उद्यापासून खोलीला कुलूप लागेल. उरलेल्या दोघांचं टपाल माझ्या घरी येईल आणि ज्या दिवशी येईल त्याच दिवशी मी ते गावी पोचवीन. नव्याने असं ऑफिस काढणारे कोणी इथे असतील, तर एवढंच सांगते: पाटी लावणं सोपं आहे. पाटीमागची माणसं तोंडपाठ असली पाहिजेत.

भाई, आज तुमच्या गळ्यात हार आहे आणि चूकही तुमच्याच गळ्यात आहे. हार राहू द्या. दुसरं मी परत घेते.

अध्यक्ष महाशय, संयोजक, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. भाषण संपवताना काही चुकलं असल्यास माफ करा, असं म्हणायची रीत आहे. मला 'असल्यास' म्हणता येत नाही. मनकर्णाकाकू, त्या गुरुवारी मी होते. माफ करायचं की नाही, ते तुम्ही इथे, लोकांसमोर ठरवू नका. बाजार उरकून घरी जा. पुढच्या इतवारी मी तुमच्या गावी येते. जे बोलाल ते तिथे, छप्पर होतं त्या रिकाम्या जागेवर उभी राहून ऐकीन.