घासलेली बोटं

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. आमच्या रावेरकडे केळी कापणाऱ्याचे हात चिकाने काळेच असतात. माझ्या नातीला बाप नाही. तिची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण बँकेच्या खात्याला माझा अंगठा लागत होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. चार लोकांत काळे हात कसे न्यावे, म्हणून मी सकाळी विटेच्या तुकड्याने बोटं चांगली घासली.

बँकेच्या केंद्रावर मशीन अंगठा घेईना.

"आबा, हे काय केलं?" तिथली ताई म्हणाली.

"स्वच्छ केले, ताई."

"डाग चालले असते. तुम्ही तर रेषाच घासून टाकल्या."

मग एकेक बोट ठेवून पाहिलं. दरवेळी लाल दिवा. नात हळूच म्हणाली, "आबा, आता माझी अकरावी राहील का?"

शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली. तिला ना चीक लागला होता, ना वीट. दिवा हिरवा झाला.

ताई हसली, "या बोटाला कधी कामाला लावलं नाही वाटतं."

"त्याचा काय उपयोग?" मी म्हणालो.

"असं कसं, आबा?" नात म्हणाली. "तेच धरून तर मी शाळेत जायची."