बॉलला ‘नको’ कळत नाही

माझं नाव काशिनाथ. गाव त्र्यंबक रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. सुरुवात गावापासूनच करतो, कारण नामदेव तिथलाच, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, आणि ही हकिगत माझी कमी नि त्याची जास्त आहे. तुम्ही लिहून घ्या, मी मधेच थांबलो तर थांबू द्या, कारण गेल्या दिवाळीपासून मला जो धक्का बसलाय तो अजून उतरलेला नाही. सत्तरी ओलांडल्यावर माणूस म्हणतो, आता मला नवीन काय कळायचंय. काय सांगू तुम्हाला, खरं तेव्हाच कळतं.

आम्ही दोघं गुरं वळायचो. एकदा गवतात एक पांढरा गोळा सापडला, अंगभर खळगे खळगे असलेला. मी तो घरी नेला तर आईला वाटलं डांबराची गोळी, तिनं लुगड्यांच्या पेटीत टाकला, म्हणाली, बरं झालं, कसर लागायची नाही. नामदेव आला नि हसून हसून लोळला. अरे काशा, हा त्या साहेब लोकांच्या खेळातला बॉल हाय, चल, देऊन येऊ. देऊन यायला गेलो ते तिथलेच झालो. गोल्फच्या मैदानावर कॅडी लागतात, म्हणजे साहेबाच्या स्टिकांची पिशवी खांद्यावर घेऊन मागं मागं चालायचं, बॉल कुठं पडला ते बघायचं आणि साहेबानं विचारलं तर सांगायचं की पुढं काय आहे. मिसरूड फुटायच्या आधीपासून आम्ही तेच केलं. माझी भाषा तिथंच साहेब लोकांत धुतली गेली, नामदेवची नाही धुतली, तो अजूनही हाय नि नायच म्हणतो.

आता ते तळं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. मैदानाचं शेवटचं होल, म्हणजे बॉल घालायचं भोक, तळ्याच्या पलीकडं आहे. अलीकडून बॉल मारायचा, तो पाण्यावरून जाऊन पलीकडच्या हिरवळीवर पडला पाहिजे. मी आपला काळजीनं साहेबाला सांगायचो, साहेब, डावीकडं पाणी आहे, जपून. आणि साहेबाचा बॉल बरोबर डावीकडं पाण्यात. दुसऱ्या दिवशी दुसरा साहेब, पुन्हा जपून, पुन्हा पाण्यात. एक साहेब माझ्यावर असा खेकसला की मी पिशवी खाली ठेवून रडायला लागलो. नामदेव म्हणाला, येड्या, बॉलला नको कळत नाय. तू पाण्यात जाऊ देऊ नको म्हटलं की त्याला पाणी तेवढं ऐकू येतं. तू साहेबाला म्हण, त्या आंब्याच्या शेंड्यावर मारा. पलीकडं एक आंबा होता, अजून आहे. मी तसं म्हणायला लागलो नि माझे साहेब पाणी पार करायला लागले.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं हो. तो स्वतःच्या मनाशीसुद्धा तसाच बोलायचा. आपण काय करतो, चुकलं की अरे गाढवा, अरे म्हसोबा, असं स्वतःलाच हाणतो. तो स्वतःला नावानं हाक मारायचा, जशी आई मारते तशी. नामा, आंब्याचा शेंडा. नामा, जातोय बघ. आणि बॉल जायचा. सोमवारी मैदान साहेबांना बंद असायचं, तेव्हा आम्हा कॅडींना खेळू द्यायचे, मोडक्या स्टिका घेऊन आम्ही खेळायचो. त्याच्याइतकं सुंदर कुणी खेळत नव्हतं. मी त्याच्या मागोमाग, पण मागंच.

मग असं झालं की मैदानवाल्यांनी ठरवलं, कॅडींमधला एक जण शिकवणारा म्हणून घ्यायचा. पक्की नोकरी, राहायला खोली. शेवटी आम्ही दोघंच उरलो नि सोमवारी सामना लावला. सगळे कॅडी जमलेले, आरडाओरडा, कुणी नाम्याच्या बाजूनं, कुणी माझ्या. तळ्यापर्यंत दोघं बरोबरीत आलो. आधी त्याची पाळी. तो उभा राहिला, पुटपुटला, नामा, आंब्याचा शेंडा. त्यानं स्टिक उचलायच्या आत मी मागून बोललो, अगदी हळू, अगदी मायेनं, जपून रे नामा, डावीकडं पाणी आहे.

आपल्याकडं जपून हा काय शब्द आहे, तुम्हीच सांगा. माणूस उंबऱ्याबाहेर पडला की आई म्हणते, जपून जा. त्या शब्दाबद्दल कोण कुणावर संशय घेणार? पण मला माहीत होतं तो शब्द काय करतो. त्यानंच मला शिकवलं होतं. त्याचे खांदे जरासे वर आलेले मी पाहिले, आणि बॉल डावीकडं गेला, डुबुक. मग मी उभा राहिलो नि त्याचंच वाक्य मनात म्हटलं, काशा, आंब्याचा शेंडा. माझा बॉल पलीकडं पडला. सगळ्यांनी मला उचलून घेतलं. नामदेवनंही पाठ थोपटली. काही दिवसांनी त्यानं कॅडीचं काम सोडलं, नाशकात रिक्षा घेतली, द्वारका चौक ते पंचवटी, एवढंच कानावर आलं. मी कधी गेलो नाही.

याच्यापुढचं ऐका. मी मास्तर झालो. मी शिकवलं काय? तर तेच. स्वतःशी नीट बोला, नावानं हाक मारा, नको म्हणू नका, कुठं जायचं ते सांगा. डॉक्टर, बिल्डर, द्राक्षवाले, सगळे माझ्यापुढं उभे राहून स्वतःशी बोलायला शिकले. वा काशिनाथ सर, हे कुठून शिकलात, म्हणायचे. मी म्हणायचो, अनुभव. आणि तळ्यापाशी आलो की एक गोष्ट रंगवून सांगायचो, आमच्यात एक नामा होता, ऐन वेळी हात कापले त्याचे, नोकरी पाण्यात बुडवली. तेव्हा नामा करू नका. लोक हसायचे. पुढं पुढं तो शब्दच झाला. कुणाचा बॉल पाण्यात गेला की पोरं ओरडायची, नामा केलास का? ज्यांनी त्याला पाहिलंही नाही ती पोरं.

दिवाळीच्या सुट्टीत नवीन बॅच आली, कॉलेजातली मुलं. तळ्यापाशी मी नेहमीचं बोललो, पोरांनो, नामा करू नका. सगळे हसले, एक मुलगी हसली नाही. म्हणाली, सर, तुम्हीच सांगता ना नको म्हणायचं नाही, मग हे करू नका काय आहे? मी चाटच पडलो. इतकी वर्षं मी ते वाक्य म्हणतोय, कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी हसून म्हटलं, हुशार आहेस, नाव काय तुझं? म्हणाली, ऋतुजा. आणि सर, तो नामा माझा आजोबा. त्यांचे हात अजून कापत नाहीत. घरात सुईत दोरा तेच ओवतात.

मी खाली बसलो. पोरांना वाटलं ऊन लागलं, कुणी पाणी आणलं. ती मुलगी माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, तेच सहन होईना. म्हणाली, आजोबांनीच मला पाठवलं. म्हणाले, काशाकडं जा, तो माणसाला जपतो.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाकडून पत्ता घेऊन मी पंचवटीत गेलो. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दारात रिक्षा उभी होती, आता मुलगा चालवतो, आणि काय सांगू, रिक्षाच्या मागं पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत एकच शब्द रंगवलेला. जपून. मी तिथंच भिंतीला धरून उभा राहिलो. तेवढ्यात आवाज आला, या मास्तर, या! वाट चुकलात का काय? नामदेव ओट्यावर मेथी निवडत बसला होता, केस पार गेलेले, हसणं तेच. सुनेला म्हणाला, चहा टाक गं, लय मोठा माणूस आलाय, साखर जास्त घाल, साहेब लोकांत राहून कडू झाला असंल.

मी विचारलं, रिक्षावर तो शब्द कुणी लिहिला? म्हणाला, मीच. तुझा शब्द हाय तो. त्या दिवशी सगळी बोंबलत व्हती, हरव याला, हाण त्याला, तू एकटा म्हणालास जपून रे नामा. समोर खेळणारा असून म्हणालास. पहिली रिक्षा घेतली तेव्हा पेंटर म्हणाला, देवाचं नाव टाकू का? मी म्हटलं, दोस्ताचं टाक.

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. चहा पिऊन परत आलो असतो. पण तोंडातून निघूनच गेलं. नामा, मी ते मायेनं नव्हतो म्हणालो. तुझा बॉल पाण्यात जावा म्हणून म्हणालो. तूच मला शिकवलं होतंस ना, बॉलला नको कळत नाही.

तो मेथी निवडत राहिला, पण पानं नि काड्या एकाच ढिगात टाकत होता. मग म्हणाला, हे कशाला सांगितलंस, काशा? नोकरी गेली तिचं मला काय वाटत नाय, रिक्षेवर पोरं शिकली. पण एक दोस्त व्हता माझ्याकडं, तो पण आज नेलास.

मी उठलो तेव्हा म्हणाला, मला सांगून काय उपयोग? नातीनं काल सांगितलं मला, ज्यांच्यात माझं नाव पाण्यात बुडवलंस त्यांना सांग.

रविवारी सगळे असतात, तेव्हा मी सांगितलं. साहेब, पोरं, कॅडी, सगळ्यांसमोर. की ही पद्धत माझी नाही, नामदेवची आहे, आणि त्याचे हात कापले नव्हते, मी त्याच्या कानात पाणी ओतलं. मला वाटलं, आता थुंकतील. तर एक साहेब म्हणाले, जाऊ द्या हो सर, एक शब्द तर बोललात. बाकीच्यांनी माना हलवल्या. मला तो दुसरा धक्का. यांना वर्षानुवर्षं शिकवलं की एका शब्दानं बॉल फिरतो, आणि यांना एका शब्दानं माणूस फिरतो हे खरं वाटेना. ऋतुजानं तेवढी मान हलवली नाही.

त्यानंतर एकदा नामदेव आला. त्याच रिक्षेतून, मुलानं सोडलं, नातीचा खेळ बघायला. नातीनं पाणी पार केलं. नामा, आंब्याचा शेंडा, असं आजोबाचंच नाव घेऊन बोलली ती, आणि आता बाकीची पोरंही तसंच म्हणतात. मी स्टिक नामदेवपुढं धरली. एक मार, म्हटलं. तो म्हणाला, खांदा रिक्षात गेला. तू मार, मी मागं उभा राहतो.

मी उभा राहिलो. तो मागं, त्या दिवशी मी जिथं होतो तिथं. मी वाट पाहिली, आता म्हणेल, आता म्हणेल. तो काही म्हणेना. मी मारला, आणि बॉल डावीकडं गेला, डुबुक.

मागून नामदेव म्हणाला, मी तर काहीच बोललो नाय, काशा.

पोरं हसली. मी हसलो का ते आठवत नाही. त्याला रिक्षेपर्यंत सोडायला गेलो. बसला, मुलानं रिक्षा चालू केली, तेव्हा नामदेवनं बाहेर डोकं काढलं नि म्हणाला, जपून रे. रिक्षा वळली, मागचा पिवळा शब्द वळणापर्यंत दिसत राहिला. तो मला जपायला सांगत होता की पाणी दाखवत होता, मी रोज विचार करतो, कळत नाही. विचारायची माझी पात्रता नाही. मी तो आशीर्वादच आहे असं धरून चाललोय. तुम्हीही तसाच लिहा.