अडवलेले पत्ते

यमुनाबाईंच्या नातीचं बारसं झालं, ते १९९९ साल. डिसेंबरात बंगळूरला बसवनगुडीच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं त्यांच्या कानावर आलं.

“अण्णा, मी ऑफिसातून बाबांना रोज मेल केली.”

“तू पळून लग्न केलंस, तेव्हा त्यांनीच अडवायला सांगितलं. घरच्या मेल सर्व्हरवर नको ते अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये तुझ्या ऑफिसच्या सगळ्या पत्त्यांचा गट करून मी तो बंद केला.”

“नंतर त्यांनी कधी विचारलं?”

“दिवाळीपासून रोज. ‘सुमीचं काही आलं का?’”

“तू काय सांगायचास?”

“नाही आलं म्हणायचो. गट उघडायचा राहिलाय, हे आत्ता आठवलं गं.”

“ऊठ. आत जाऊन हेच सांग त्यांना.”

“शुद्ध नाहीये त्यांना. ऐकू येईल?”

“सांग तरी!”

त्या बहीणभावाचे वडील मल्हारराव त्याच दुपारी, अकरा डिसेंबरला गेले.