यजमान समाज

—नाई नाई, यजमानाचं मले इचारू नको, पोरी. ते आतच बसले हायेत टीव्ही लावून, जरा हळू बोल. बाहेरून येऊन इथी राह्यलेल्या लोकाईचा सर्व्हे हाये म्हनते— मंग कापसाच्या जिनिंगवर जाय ना, बिहारचे पोट्टे हायेत तथी कामाले. माह्या दारात काऊन आली? काय? जनम समुद्रपूरचा अन् राहनं सेलूले, म्हनून मी? स्थलांतरित? अवो माय! मी तं लग्न करून आली, एक्केचाळीस वर्सं झाली— वाजत-गाजत आली! असं पाह्यलं तं या गल्लीतल्या सगळ्याच बाया बाहेरच्या. यशोदाबाई तळेगावची, सीताबाई आर्वीची. अन् मानसं तेवढे सगळे इथचे! बरं, लिव. तुह्या मोबाइलाले काय समजते.

'इथला आहार स्वीकारायला किती काळ लागला?'— हे बरं इचारलं. आमच्याकडं वांग्याच्या भाजीत गूळ नाई टाकत. इथी सासूबाई टाकत. पह्यल्या दिवशी मले वाटलं, चुकून पडला. दुसऱ्या दिवशीही पडला. असा सात वर्सं पडला— आता मीच टाकतो. 'पूर्ण स्वीकार' लिव. नाव? हो, नावही बदललं. तिकडची अंजू— इथी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'अनुसया' लिवलं त्याईनं. मले कोनी इचारलं? वाकून वाचलं, तवा समजलं मले माहं नाव.

'यजमान समाज तुमच्या भावना समजून घेतो का?'— पाय, आलं पुन्हा यजमान! काय? इथचे सगळे लोक म्हंजे यजमान समाज? कोनं शिकवलं तुले? यजमान म्हंजे यजमान, एकच असते. समजतात ना भावना— चहात साखर कमी पडली का लगेच समजते त्याईले. पाचातून दोन दे. थांब, टीव्हीचा आवाज कमी झाला काय? तीन दे, तीन! मानूस वाईट नाई. मी दवाखान्यात होती तवा चार दिवस उशाशी बसून होते. पेपर वाचत होते, पन बसून होते. साडेतीन नाई होत? बरं, राहू दे.

'यजमानांशी मोकळेपणानं बोलता का?'— बोलतो ना. गॅस संपला, दूधवाला नाई आला... नाई, खरं सांगू? एक गोष्ट महिन्यापासून पोटात हाये. माही बहीन अन्नपूर्णा पडली, मांडीचं हाड मोडलं. एकटीच राह्यते समुद्रपूरले. रोज फोन करते— ये वो बाई, दोन महिने राहाले. मी म्हनतो, इचारतो त्याईले. अन् रोज पोया वाढतो अन् इचारत नाई. भेव नाई वाटत, ते 'जा'च म्हनतील— पन चेहरा असा करतील, जसं पुढचं ताट कोनं ओढून नेलं. आजवर चार दिवसाच्या वर माहेरी राह्यली नाई मी, पाचव्या दिवशी ते दारात. अन् तिकडं ती पलंगावर पडून हाये. जीव तुटते माहा, पोरी.

पुढचा वाच. 'मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार किती वेळा मनात येतो— कधीच नाही, कधीकधी, रोज.'

...रोज. लिव. लिवलं? आता मोठ्यानं वाचून दाखव. तुह्या मोबाइलात नसन लिवलं, माहा नियम हाये. प्रश्नासगट वाच— अजून मोठ्यानं, टीव्हीच्या वरून!

...बंद झाला टीव्ही.

अहो, तुमी बाहेर काऊन आले? काई नाई, कॉलेजचा सर्व्हे हाये— काय म्हनता? तुरीच्या दायीचा डबा कुठी असते? ...खालच्या फयीवर, पिठाच्या मांगं. दोन महिने पुरते. अन् कुकरच्या तीन शिट्ट्या. चार नाई, तीन.

काय पाहून राह्यली वो पोरी? मले रडू येऊन राह्यलं, ते नको लिवू. उरलेले प्रश्न यशोदाबाईले इचारजो, तिचे यजमान बहिरे हायेत. चाल, उठ आता. मले पिशवी भरायची हाये.