टिनाने ठेवलेलं नाव

सुचेताबाई : नाही गेविन, हे मी तिला सांगणार नाही.

गेविन : बाई, आमच्या चौक गावावरून बस पकडून मुद्दाम भाईंदरला आलोय. तुम्ही मुक्या-बहिऱ्या पोरांच्या टीचर. दोन वाक्यं तर हायत. नाशिकची शाळा चांगली हाय, आणि जेवून घे.

सुचेताबाई : टॅनिया का नाही सांगत? हातांनी बोलायला ती माझ्याकडेच शिकली.

गेविन : बायको म्हणते, एवढी वर्षं तुझ्या वाटचं मी बोलले, आता तुझं तू बघ. इकडे पोरगी परवापासून धड जेवत न्हाय. रविवारी हॉस्टेलला सोडायची हाय.

सुचेताबाई : तुम्ही का नाही शिकलात?

गेविन : शिकणारच होतो. बोट समुद्रात असताना कसं जमणार? म्हटलं, पावसात बोट वर ओढली की बघू.

सुचेताबाई : पाऊस तर दरवर्षी येतो.

गेविन : एकदा जाळी फाटली होती. एकदा इंजिन खोललं. आणि आधी वाटायचं, कानाला मशीन लावलंय, लागेल बोलायला, मग हातवारे कशाला. यंदा मात्र पक्कं ठरवलेलं. परवाच बोट वर घेतली.

सुचेताबाई : आणि रविवारी ती चालली.

गेविन : हो ना.

(शेजारी बसलेली आठ वर्षांची टिना बाईंचा हात हलवते आणि हातांनी काही विचारते.)

गेविन : काय म्हणते? पंजा असा वर का केला?

सुचेताबाई : ते तुमचं नाव.

गेविन : माझं?

सुचेताबाई : ही मुलं प्रत्येकासाठी एक खूण ठरवतात. आईसाठी कानातलं, माझ्यासाठी चष्मा. तुमच्यासाठी हा पंजा.

गेविन : हे तर मी तिला ‘थांब’ म्हणायला करतो.

सुचेताबाई : तेच जास्त वेळा पाहिलं असेल तिनं.

गेविन : ...आणि पुढे काय विचारलं?

सुचेताबाई : मी बोलत नाही म्हणून पप्पा मला लांब पाठवतायत का?

गेविन : न्हाय. न्हाय हो बाई. सांगा ना तिला.

सुचेताबाई : ती बघा कुणाकडे बघतेय.

गेविन : ह्या बोटांनी सांगू? दोर ओढून ओढून वाकत पण न्हायत.

सुचेताबाई : सुरुवातीला कुणाचीच वाकत नाहीत. काय सांगायचंय ते आधी मला सांगा.

गेविन : की तिथं सगळे हातांनी बोलतात. सर, स्वयंपाकाची बाई, पोरं. घरी ती एकटी पडते. पाव्हणे आले की कोपऱ्यात बसून नुसती तोंडं बघत राहते...

सुचेताबाई : फार लांबलं. ‘तिथं सगळे तुझ्यासारखे बोलतात. मला येत नाही.’

गेविन : शेवटचं पण सांगायचं?

सुचेताबाई : ते तुम्ही ठरवा.

गेविन : सांगतो. दाखवा.

सुचेताबाई : हे ‘तिथं’. हे ‘सगळे’. अंगठा आत घ्या. आता हे.

गेविन : असं? का हसते ती?

सुचेताबाई : ‘बोलतात’ऐवजी तुम्ही ‘भांडतात’ म्हणालात. ओढू नका हात, तीच बोटं नीट करून देतेय.

गेविन : आईसारखीच हाय, जोरात दाबते. हां, झालं. आणि ‘मला येत नाही’?

सुचेताबाई : असं. सावकाश.

गेविन : केलं.

सुचेताबाई : चांगलं केलंत. आता ती विचारतेय...

गेविन : सांगू नका, बाई. बोट स्वतःकडे, मग माझ्या हातांकडे. विचारते, मी शिकवू का.

सुचेताबाई : बरोबर.

गेविन : ‘हो’ मला येतं.